चौदाचे साठ

बर्फाच्या कारखान्याचा दिवाळीचा बोनस
मी दोन पंख्यांच्या एका काळ्या पेटीत घातला.
घरी सांगितलं, कंप्यूटरचा पार्ट गेलाय.
अगदीच खोटं नव्हतं. जुन्या कार्डाच्या सोनेरी दातांवर
हिरवी कीट चढली होती, वेंगुर्ल्याच्या हवेची.
ती खिडकीचे गज खाते, सायकलची चेन खाते,
कारखान्यातल्या माझ्या पान्यांची नावं खाते.

पण खरं दुखणं दुसरंच.
समुद्राकडून चिपीच्या धावपट्टीवर उतरताना
शेवटच्या मैलात विमान अडखळायचं.
सेकंदाला चौदा चित्रं.
खाली खाडी असायची, मग एकदम नसायची,
एका चित्रात मी माडांच्या वर टांगलेला,
पुढच्या चित्रात चिखलात.
वहीत नोंद आहे : उड्डाणं एकशे बारा, धड उतरलो अकरा वेळा.
खऱ्या विमानात अजून बसलेलो नाही.

रविवारी बस्त्याव आला,
ट्रॉलरवरची मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करतो तो.
कार्ड सुरमईसारखं तळहातावर तोललं.
"ह्यां हंय बसाचां नाय. बोटभर लांब आसा."
मग आम्ही डब्यातला हार्डडिस्कचा पिंजरा
हॅकसॉ ब्लेडनं कापला.
लोखंडाचा कीस शालनच्या धुतलेल्या फरशीवर.
साडेचारशेचा पावर सप्लाय काढला, साडेसहाशेचा घातला,
आणि शेवटचा स्क्रू बस्त्यावच्या दातांत असताना
लाइट गेली.
पाऊण तास. तो स्क्रू दातांत धरून बसून राहिला,
म्हणे, खाली ठेवला तर मिळणार नाही.

साठ.
पहिल्यांदा वाटलं, काहीतरी बिघडलंय.
खाडी तुटतच नव्हती.
पंख वळला तसं पाणी त्याच्याबरोबर वळलं,
आणि मी उतरलो, बारावा, टायरचा आवाजसुद्धा आला.

मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं.
समुद्रातल्या खडकांवर दीपगृहच नव्हतं.
आमच्या गल्लीत कुठल्यातरी थंड देशातली घरं,
प्रत्येक दाराशी सूचिपर्णी झाड,
आणि माझ्या घराच्या जागी
पोहण्याचा निळा तलाव.
चौदा चित्रांत हे सगळं खपून जात होतं.

रात्री शालन भांडी आवरून दारात उभी राहिली.
एरवी ती इकडे बघत नाही. म्हणते, माका गरगरता.
आज बघत राहिली. मग स्टूल ओढून बसली.
"शिरोड्याक जाता हां?"
"कुठेही जातं."
"मगे ने."

किनारा डावीकडे धरून दक्षिणेला गेलो.
मोचेमाडची खाडी, एक टेकडी,
मग राखाडी चौकोन, एकाला एक लागून,
कुणीतरी वरून कधीतरी काढलेला फोटो जमिनीवर पसरलेला.
मला वाटलं, चित्र फुटलंय. सेटिंगमध्ये हात घालणार, तर
तिनं मनगट धरलं.
"थांब. ह्यो वाकडो बांध बघ. ह्यो बाबांचो.
सगळे हसत. म्हणत, मिठाक सरळ बांध लागता."

आगर विकून अठरा वर्षं झाली.
ज्या खारटपणानं माझं जुनं कार्ड खाल्लं
तो हिच्या घरी पोत्यांनी मोजला जायचा,
हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं.

"खाली घे मरे."
"खाली घेतलं की धूसर होतं. तो नुसता फोटो आहे."
"होव दे."

घेतलं. पाचशे फुटांवर बांध विरघळला,
तीनशेवर फक्त राखाडी.
ती काही बोलली नाही.
मी पुन्हा दीड हजारावर चढलो, डावीकडे कललो,
आणि त्या वाकडेपणाभोवती फिरत राहिलो,
न अडखळता, किती वेळ कोण जाणे.
कार्डाचे दोन्ही पंखे जोरात फिरायला लागले.
इंधन अर्ध्यावर आलं तेव्हा तिनं विचारलं,
"ह्याची किंमत किती, खरी सांग."
मी खरी सांगितली.
"बरां," ती म्हणाली. "अजून एक फेरी."